मंदी, मदबी, मदफून, हनीथ: येमेनी मेनूकार्ड कसं वाचायचं

दुबईच्या देरा भागातलं एक येमेनी हॉटेल. रविवारची दुपार. गाद्या टाकलेल्या छोट्या खोलीत आम्ही सहा जण मांडी घालून बसलेलो: चौघं पुण्याचे, परभणीचा मी, आणि मुलाकडे महिनाभर राहायला आलेले एका मित्राचे वडील. कार्डावर मंदी, मदबी, मदफून, हनीथ, झुरबियान अशी नावं. प्रत्येकासमोर फोटो, आणि प्रत्येक फोटोत तेच: भाताचा ढीग, वर मांसाचा मोठा तुकडा. "सगळं एकच आहे रे, नावं तेवढी निराळी," म्हणत काकांनी कार्ड मिटलं.

काकांचं चुकलं, पण त्यांना दोष देता येणार नाही. पदार्थाचं नाव ऐकलं की त्यात काय पडलंय ते कळावं, अशी आपल्याला सवय. शेवभाजी, कोंबडी रस्सा, वांग्याचं भरीत. येमेनी नावं तसं सांगत नाहीत. त्यातली बरीचशी नावं मांस कोणत्या आगीवर, कसं शिजलं ते सांगतात. उरलेली, पदार्थ येमेनच्या कोणत्या भागातून आला ते सुचवतात. म्हणजे अर्धं कार्ड ही चुलींची यादी, आणि अर्धं कार्ड हा नकाशा.

आधी चुली

मंदीपासून सुरुवात करू, कारण आजूबाजूच्या जवळपास प्रत्येक ताटात तीच असते. मराठी माणसाला हे नाव ऐकून शेअर बाजार आठवतो. अरबीत 'नदा' म्हणजे दव, आणि त्यावरून मंदी हे नाव पडलं असं सांगतात: दवासारखा ओलावा टिकून राहिलेलं मांस. जमिनीत खोल खड्डा असतो, आतून मातीनं किंवा विटांनी बांधलेला. तळाशी लाकडं पेटवून त्यांचे निखारे होऊ द्यायचे. त्यावर तांदळाचं पातेलं उतरवायचं, पातेल्याच्या वर जाळीवर किंवा आकड्याला अडकवून मांस, आणि खड्ड्याच्या तोंडावर झाकण ठेवून फटी बुजवायच्या. मग काही तास हात लावायचा नाही.

झाकण बसलं की आत हवा जाणं थांबतं, ज्वाळा विझतात, आणि पुढचं सगळं काम तापलेल्या भिंती करतात. मांसातून निघालेली वाफ आतच कोंडते, त्यामुळे ते कोरडं पडत नाही. धूरही आतच राहतो. चरबी आणि रस थेंबाथेंबानं खालच्या भातात उतरतात. खांद्या-मांडीच्या मांसात कोलॅजन नावाचा जो चिवट भाग असतो, तो मंद आचेत तासन्‌तास राहिला की विरघळून जिलेटिन होतो. हाड धरून हलवलं की मांस सुटून येतं ते त्यामुळे. मसाल्याचं त्यात फार काही नसतं: वेलदोडा, लवंग, मिरी, हळद, कधी वाळवलेलं काळं लिंबू. तिखट जवळपास नाहीच. रायगडकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हे लगेच कळेल. भांबुर्ड्याचा पाला घालून तोंड बंद केलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी स्वतःच्याच वाफेवर शिजतात, तसंच हे. पोपटीत आग मडक्याच्या बाहेर असते, मंदीत ती खड्ड्याच्या आत.

मदफून म्हणजे पुरलेलं. या नावासाठी शब्दकोश नको, आपला 'दफन' त्याच धातूतला आहे. गुंडाळलेलं मांस निखाऱ्यांत पुरून ठेवतात. मदबी म्हणजे तापलेल्या दगडांवर भाजलेलं, बहुतेक वेळा कोंबडी. इथे झाकण नाही, वाफ नाही, म्हणून कातडी खरपूस आणि आतलं मांस मंदीपेक्षा थोडं घट्ट. हनीथ म्हणजे पानांत, फांद्यांत किंवा आजकाल सरळ फॉइलमध्ये गुंडाळून तंदुरात सावकाश भाजलेलं मांस. भात मिळतो, पण तो वेगळा शिजून येतो, त्यात वरून रस टपकलेला नसतो. आणि शेजारच्या टेबलावर कुणी कबसा म्हणालं तर तो मुळात सौदीकडचा पदार्थ: तांदूळ आणि मांस एकाच पातेल्यात, बऱ्याचदा टोमॅटो घालून.

आता थोडं आडवळण. शहरातल्या प्रत्येक हॉटेलात खड्डा नसतो. अनेक ठिकाणी मांस गॅसच्या भट्टीत शिजतं, आणि भाताच्या पातेल्यात वाटी ठेवून, तिच्यात पेटता कोळसा टाकून, वर तेल सोडून झाकण लावतात. आपण डाळीला किंवा भरिताला धुंगार देतो तेच. मला त्यात पाप वाटत नाही, घरोघरी असंच करतात. पण धुंगाराचा वास पहिल्या चार घासांत भरून येतो आणि पुढे विरतो. खड्ड्यातला धूर मांसाच्या आतपर्यंत असतो. खड्ड्याचे पैसे घेणाऱ्यानं खड्डा दाखवावा, एवढंच माझं म्हणणं. केरळी मंडळींनी तर नावातच सोय केली आहे: ते याला कुळीमंदी म्हणतात, मल्याळममध्ये कुळी म्हणजे खड्डा.

मग नकाशा

मंदी येमेनच्या पूर्वेकडची, हद्रमौतची. वाळवंटातून गेलेली लांबच लांब दरी, मातीच्या उंच इमारतींचं शिबाम गाव, आणि किनाऱ्यावर मुकल्ला बंदर. तिथं भाताचं पीक नाही. मग पदार्थ भाताचा कसा? तांदूळ समुद्रावरून यायचा, मोठा भाग हिंदुस्थानातून. आजही भारतीय बासमतीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत येमेन आहे. म्हणजे हद्रमौतचा बकरा आणि हरियाणा-पंजाबचा तांदूळ अशी ही जोडी.

जहाजांतून तांदूळ तिकडे गेला आणि माणसं इकडे आली. हद्रमौतचे अरब निजामाच्या फौजेत शिपाई म्हणून भरती झाले. हैदराबादच्या ज्या भागात त्यांच्या बराकी होत्या त्या भागाचं नाव बारकस, 'बॅरक्स'चं रूप. मंदी तिथूनच हैदराबादभर पसरली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे ही फौज आमच्याकडेही आली. परभणी, नांदेड, जालना, औरंगाबाद, बीड, कुठेही जा, चाऊस आडनावाचं कुणीतरी भेटणारच. शब्द मूळचा तुर्की, फौजेतला एक हुद्दा. माझ्या वर्गात दोन चाऊस होते. त्यांचे पूर्वज अरबस्तानातून आले हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण अरबस्तान म्हणजे नेमकं कुठलं गाव, हे विचारायची बुद्धी तेव्हा झाली नाही. उलट दिशेचा प्रवासही घडला. उमर बिन अवध अल-कुऐती हा निजामाच्या फौजेतला जमादार. त्यानं इथल्या कमाईच्या जोरावर हद्रमौतमध्ये घराण्याची सत्ता उभी केली, ती १९६७ पर्यंत टिकली.

पण येमेनी माणसाला विचाराल की तुमचा राष्ट्रीय पदार्थ कोणता, तर तो मंदी म्हणणार नाही. तो सलता म्हणेल. त्यासाठी नकाशावर पश्चिमेकडे, डोंगरात यावं लागतं.

राजधानी सना समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे, महाबळेश्वरच्या दीडपट. डोंगर कोरून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत तिथं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकते. हो, आपलीच ज्वारी. तिच्या किंवा इतर धान्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, मध्ये खळगा करून त्यात गरम रस्सा ओततात, आणि बोटांनी कडेपासून तोडत खातात. तिला असीद म्हणतात. शहरी हॉटेलांच्या कार्डावर ती क्वचितच दिसते, दिसली तर सोडू नका.

सलता मात्र बहुतेक ठिकाणी मिळतो. दगडात कोरलेलं भांडं भन्नाट आचेवर ठेवतात. त्यात मांसाचा रस्सा, भाज्या, कधी अंडं, कधी मांसाचे रेषे. नुसत्या रेषांचाच असेल तर त्याला फहसा म्हणतात. टेबलावर आल्यावरही दोन-चार मिनिटं ते भांडं खदखदत असतं, कारण दगड उष्णता धरून ठेवतो. आणि वर पांढरट हिरवा फेस, हुलबा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं साय किंवा दही. ती असते मेथी.

हा हुलबा मला सगळ्या येमेनी स्वयंपाकातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. मेथीची पूड पाण्यात भिजत घालतात. काही वेळानं वरचं पाणी ओतून टाकतात, त्याच्याबरोबर बराचसा कडूपणा जातो. मेथीच्या दाण्यात एक डिंकासारखा पदार्थ असतो, तो पाणी पिऊन फुगतो. मग तो हातानं किंवा रवीसारख्या साधनानं घुसळत राहायचा. डिंक हवा धरून ठेवतो, आणि दोन चमचे पिवळट पुडीचा वाडगाभर पांढरा फेस होतो. अंडं नाही, मलई नाही. बाळंतिणीच्या लाडवातला कडूपणा ज्यांनी नाक मुरडत गिळला आहे, त्यांनी हा जरूर चाखावा. थोडा कडसर असतोच, पण रश्श्याचा तेलकटपणा तो कापून काढतो.

हुलब्यात मिसळतात सहाविक: हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, जिरं, बऱ्याचदा टोमॅटो. दगडावर वाटलेलं. ठेच्याचा चुलतभाऊच, फक्त जरा पातळ. १९४९-५० मध्ये जवळपास पन्नास हजार येमेनी ज्यू विमानांनी इस्रायलला नेले गेले, त्यांच्याबरोबर हेच वाटण तिकडे गेलं आणि आज 'झूग' या नावानं तिथल्या फलाफलच्या गाड्यांवर असतं.

सलता चमच्यानं खात नाहीत. मलूज नावाची तव्याएवढी मोठी, तंदुरातली रोटी येते, तिचे तुकडे करून त्यांनीच उचलायचा. आणि तो दुपारचा पदार्थ आहे. येमेनमध्ये मुख्य जेवण दुपारचं. त्यानंतर पुष्कळ लोक 'कात'ची पानं गालात धरून संध्याकाळपर्यंत बैठकीत रमतात. आपल्या विड्यातला कात नव्हे, ही एका झुडपाची उत्तेजक पानं, आणि येमेनबाहेर बऱ्याच देशांत त्यांच्यावर बंदी आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की अनेक येमेनी हॉटेलांत रात्री सलता मागितला तर संपलेला असतो.

पश्चिम किनाऱ्याबद्दल थोडक्यात. तांबड्या समुद्राकाठच्या तिहामा पट्टीत मासा पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडतात, मसाला चोळतात आणि मातीच्या भट्टीत भाजतात. काळपट कातडी बघून दचकू नका. आत मांस शुभ्र असतं.

हलाल म्हणजे नेमकं काय

पाटीवर 'हलाल' वाचून काही जण बिचकतात, काही जण तो एखादा स्वयंपाकाचा प्रकार समजतात. दोन्ही गैरसमज. हलाल म्हणजे धर्मानं परवानगी दिलेलं, हराम म्हणजे मनाई केलेलं. मांसाच्या बाबतीत नियम असे: जनावर कापताना जिवंत आणि धडधाकट असावं, सुरी धारदार असावी, अल्लाचं नाव घेऊन गळ्याची श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या कापाव्यात, आणि रक्त वाहून जाऊ द्यावं. एका जनावरासमोर दुसरं कापू नये. डुक्कर, रक्त, आपोआप मेलेलं जनावर आणि दारू वर्ज्य. म्हणून हलालचा नियम कडक पाळणाऱ्या हॉटेलात बिअर मिळणार नाही, लिंबू-पुदिन्याचं सरबत मिळेल. मसाला किती, तेल किती, चव कशी, याच्याशी हलालचा काही संबंध नाही. वरण-भातही हलालच असतो.

आणखी एक गंमत. सनातल्या खानावळीला 'हलाल' अशी पाटी लावायची गरज वाटत नाही, तिथं ते गृहीतच असतं. जिथं मुसलमान थोडे, लंडनला किंवा अमेरिकेत, तिथं ती पाटी लागते. ती पाटी त्या गावाबद्दल जास्त सांगते, स्वयंपाकघराबद्दल कमी.

मराठी खेड्यालाही ही पद्धत परकी नाही. गावगाड्यात मुलाणी असायचा, बकरा कापणं हे त्याचं काम, आणि कंदुरीचा बकरा हिंदू घरचा असला तरी सुरी मुलाण्याची. वादविवाद अलीकडचे, व्यवहार जुना.

माशाला असं कापायचं बंधन नाही. मात्र खेकडा-कोळंबी चालते का, यावर मुस्लिम धर्मशास्त्रात पंथांगणिक मतं आहेत. शाफई पंथात समुद्रातलं सगळं साधारणपणे चालतं. हद्रमौतचे लोक शाफई, आणि आपल्या कोकणातले मुसलमानही शाफईच. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. कोकण त्यांच्यापेक्षा वेगळं, याचं कारण अरबी समुद्रावरचा जुना व्यापार. खुष्कीच्या वाटेनं आलेला इस्लाम वेगळा, गलबतातून आलेला वेगळा.

शाकाहारी मंडळींसाठी सरळ सूचना. "मला नुसता भात द्या" म्हणून मंदीचा भात घेऊ नका, तो रश्श्यात आणि चरबीत शिजलेला असतो. बसल्याबसल्या फुकट येणारं सूप, मरक, तेही मांसाचंच. बिनमांसाचा सलता मागितला तरी रस्सा तोच असू शकतो, म्हणून विचारा. निर्धास्त घ्यावं असं म्हणजे शफूत: लहूह नावाची आंबवलेल्या पिठाची जाळीदार, एकाच बाजूनं भाजलेली पोळी, अगदी आंबोळीच, ताकात किंवा दह्यात भिजवून वर हिरवं वाटण. थंडगार असतं आणि उन्हाळ्यात त्याला तोड नाही. शिवाय फूल, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, आणि फासोलिया, म्हणजे राजम्यासारख्या पांढऱ्या दाण्यांची. फासोलियात कधी अंडं फोडतात, तेवढं सांगून ठेवा.

गोडात बिंत अस-सहन. शब्दशः 'ताटाची लेक'. पातळ पिठाचे थरावर थर, मध्ये तूप, वर कलौंजी, आणि भट्टीतून आल्या आल्या मध. चांगल्या ठिकाणी तो बोरीच्या फुलांचा सिद्र मध असतो, हद्रमौतच्या दोआन खोऱ्यातला, आणि त्याची किंमत ऐकून सोनाराची आठवण होते. येमेनी घरांत हे जेवणाच्या आधीच समोर येतं. पुरणपोळी शेवटी वाढायची नसते हे ठाऊक असलेल्यांना त्यात नवल वाटू नये.

हे सगळं दुबई, कैरो, क्वालालंपूरमध्ये इतकं सहज मिळतं, त्यामागे एक दुःखाचं कारणही आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये हुथींनी सना घेतलं, मार्च २०१५ मध्ये सौदीच्या नेतृत्वाखालची युती युद्धात उतरली. त्याच वेळी भारतानं 'ऑपरेशन राहत'मधून साडेचार हजारांवर भारतीयांना तिथून बाहेर काढलं. येमेनींना परत न्यायला कुणाचं जहाज येणार? ते निघाले आणि जिथं पोहोचले तिथं त्यांच्यातल्या अनेकांनी भट्ट्या पेटवल्या. मागे राहिलेल्या देशाला लागणारा ९० टक्क्यांहून अधिक गहू बाहेरून येतो, आणि बंदर बंद पडलं की रोटी बंद पडते. आमच्या मध्यावर ठेवलेल्या ताटात सहा जणांना पुरून उरेल एवढा भात होता. आम्ही उरलेला बांधून घेतला.

शेवटी अदन

नकाशातला दक्षिणेचा कोपरा राहिला. १९ जानेवारी १८३९ ला कंपनीच्या आरमारी तुकडीनं अदन घेतलं आणि पुढे १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. तिथं रुपया चालायचा. वासुदेव बळवंत फडक्यांना सरकारनं तिथंच नेऊन ठेवलं. १३ फेब्रुवारी १८८३ ला ते कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळाले, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारीला तिथंच वारले. शाळेत 'एडन' म्हणून वाचलेलं गाव ते हेच.

अदनच्या स्वयंपाकावर त्या काळाचा ठसा स्पष्ट आहे. तिथल्या एका रोटीचं नावच खुब्ज तावा, म्हणजे तव्यावरची रोटी. झुरबियान म्हणजे त्यांची बिर्याणी: दह्यात मुरवलेलं मांस, बटाटे, भाताचे थर. वर फोटोत ते मंदीसारखं दिसत होतं, पण आमच्या काकांना पहिल्याच घासाला ओळख पटली. "ही बिर्याणी आहे," ते म्हणाले, आणि इतका वेळ मिटलेलं कार्ड त्यांनी पुन्हा उघडलं.

मी कॉफी सुचवली. 'मोका' हे नाव येमेनच्याच मखा बंदराचं, आणि बाबा बुडन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात आणलेल्या सात बिया येमेनच्याच होत्या अशी आख्यायिका आहे. गंमत म्हणजे येमेनी घरांत बियांची कॉफी कमी आणि किश्र जास्त पितात, म्हणजे कॉफीच्या वाळलेल्या सालींचा सुंठ घालून केलेला काढा. चांगले दाणे विकायला, साली घरी. आंबेमोहोर पिकवणाऱ्याच्या घरी कण्या शिजतात तसं.

काकांचं लक्ष दुसऱ्याच ओळीवर होतं. "शाही हलीब. शाही आहे म्हणजे महाग असणार," ते म्हणाले, "पण एकदा घेऊ." शाही म्हणजे येमेनी बोलीत नुसता चहा, हलीब म्हणजे दूध. मी काही बोललो नाही. काचेच्या पेल्यांत तो आला: आटवलेल्या दुधात उकळलेला, वेलदोडा आणि लवंगेचा, करड्या गुलाबी रंगाचा. काकांनी वेटरला बशी मागितली. बशी नव्हती, वेटरनं सलत्याखालची छोटी ताटली पुसून आणून दिली.